कळसूबाई: तो गोळा नव्हता

पायथ्याच्या बारी गावातून चढलो, शिड्या झाल्या, १६४६ मीटरवरच्या देवीचं दर्शन झालं. चढाईबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी उतरणीबद्दल लिहितो. "उतरायला काय, पाऊण तासात खाली," असं सांगणाऱ्यावर माझा राग अजून गेलेला नाही.

शिड्यांखालच्या मुरमावर उजवी टाच सरकन पुढे गेली. गुडघा ताठ, धड पुढे वाकलेलं. बसायच्या हाडापाशी टचकन काहीतरी तुटलं. सोबत्याने "गोळा आलाय रे" म्हणत पाय सरळ केला आणि चवडा ओढला. बोंबललोच. तुमचा पाय कुणी असा ओढू लागलं तर चांगल्या पायाने लाथ घाला. गोळा हाताला टणक लागतो आणि थोड्या वेळात सुटतो. हे सुटत नाही, उलट एका जागी बोट ठेवलं की कळ जाते.

खाली जीपवाल्याने माझं लंगडणं पाहून कसाऱ्याचं भाडं दुप्पट केलं. भाडं सकाळीच ठरवा.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "हाड शाबूत, तेल लावून चोळा." एक्स-रेत स्नायू दिसतो थोडाच! दोन दिवस चोळून घेतलं, तिथेच चुकलो. ताज्या जखमेला चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो. चौथ्या दिवशी गुडघ्यामागे जांभळं झालं. दुखणं वर, डाग खाली, कारण रक्त खाली उतरतं.

मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी पालथं झोपवलं, गुडघा जरा वाकवून टाच धरली. "आता माझ्या हाताविरुद्ध ओढा." डोळ्यांत पाणी आलं. पाठ वाकवून, मान खाली घालून बसवलं आणि पाय सरळ करायला लावला. मुंग्या नाहीत, म्हणजे सायटिका नसावी. अंगठा चाचपत वर गेला आणि हाडाजवळ थांबला. मांडीमागचा स्नायू फाटला होता. तिथल्या तीन स्नायूंपैकी वेगात धावताना बहुधा बाहेरच्या बाजूचा फाटतो. माझ्यासारखा ताणला जाऊन फाटला तर हाडाजवळ फाटतो, किरकोळ वाटतो आणि महिने खातो.

एमआरआय सरसकट नको. पण मांडी काळीनिळी, हाडाखाली खड्डा आणि टाच मागे ओढायला जोरच नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. स्नायू हाडापासून पुरता सुटला असेल तर शस्त्रक्रिया करायची की नाही ते लवकर ठरवावं लागतं.

सातवा आठवडा चालू आहे. लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी मी उभाच असतो.