नागपूरच्या नवतप्यातून फलाचनच्या गार पाण्यात

नवतपा लागला की नागपुरात सकाळी 8 वाजताच कूलर सुरू करावा लागतो, आणि यंदा नेमकी त्याच दिवसांत सुट्टी टाकून मी हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटच्या मागे गेलो. फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे चाऱ्याऐवजी हुकाला पिसांची खोटी माशी बांधून मासा धरायला. महिनाभर आधीपासून घरासमोरच्या मैदानात पहाटे सराव चालू होता, हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, कारण यात गळाला वजनच नसतं, वजन असतं ते दोरीत. दोरी आधी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे. आपण गरीला चारा आणि शिसं लावून फेकतो त्याच्या अगदी उलटं, त्यामुळे पहिले 15 दिवस हाताला काही समजलंच नाही.

ट्रेननं दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस, औटला उतरलो. लारजीला धरणाचं साचलेलं पाणी लागतं आणि तिथून बंजारकडे वळलं की तीर्थन. या नदीवर वीजप्रकल्प नकोत म्हणून इथली माणसं लढली, म्हणून ती आजही मोकळी वाहतेय. पुलावरून तळाचा एकेक गोटा दिसत होता आणि मला आपली नाग नदी आठवली, खूप वाईट वाटलं.

मत्स्य विभागाचं लायसन्स काढलं (ते लागतंच, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, कारण ट्राउट तेव्हा अंडी घालतो). ब्राउन ट्राउट मुळात इथला नाही बरं का, कुल्लू भागात तो इंग्रजांनी 1909 च्या सुमारास आणून सोडला. इथला मूळचा मासा म्हणजे असला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात. तो मला एकदाही दिसला नाही, ही हुरहूर राहिली.

गुशैणीला फलाचन नावाचा ओढा तीर्थनला येऊन मिळतो, आम्ही त्यात वर शिरलो. सोबत गावातलाच एक भाऊ होता. सकाळी 7 ला थर्मामीटर बुडवलं तर 11 अंश, म्हणजे ट्राउटसाठी उत्तम, कारण पाणी 20 च्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासा खाणं सोडतो. मी रॉड जोडून थेट पाण्याकडे निघालो तर भावानं खांद्यावर हात ठेवला, "पहले देखो." मग पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे किडे सरपटत होते, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, एका नळीतून अळीचं डोकं हळूच बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. मासा हेच खातो, आपली पिसांची माशी हे होऊन तरंगली पाहिजे.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर जायचं, त्याच्या पाठीमागून. एवढ्याशा ओढ्यात दोरी मागे टाकायला जागाच नाही, पहिल्या दोन माशा देवदाराच्या फांदीत गेल्या. मग गुडघ्यावर बसून बो अँड अ‍ॅरो कास्ट, म्हणजे माशी चिमटीत धरून रॉड वाकवायचा आणि गलोलीसारखी सोडायची, मैदानावरचा महिनाभराचा सराव इथे फारसा कामाला आला नाही, कामाला आलं ते लहानपणी भंडाऱ्याला मामानं वैनगंगेच्या काठावर शिकवलेलं की सावली पाण्यावर पडू द्यायची नाही आणि पाय आपटायचे नाहीत.

साडेनऊच्या सुमारास एका मोठ्या धोंड्यामागच्या शांत पाण्यात माशी पडली, दोरी जरा सैल ठेवली की माशी ओढली जाऊ नये, हातभर वाहिली असेल, आणि बुडूक असा अगदी बारीक आवाज. वीतभर मासा होता फक्त. हात आधी पाण्यात भिजवले, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. लोण्यासारखं पिवळं पोट, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. हुकच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवला होता त्यामुळे लगेच सुटला. तोंड प्रवाहाकडे करून धरला, कल्ले दोनचारदा हलले, आणि तो गेला. मी तिथेच बसून राहिलो किती वेळ कोण जाणे, पाय बधिर झाले थंडीनं. दुपारनंतर वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं म्हणून साडेअकराला बाहेर आलो. तीन दिवसांत एकूण चार मासे, चारही सोडले.

परत आल्यावर आधी भंडाऱ्याला गेलो. मामानं माशी तळहातावर घेऊन उन्हात फिरवून फिरवून पाहिली.

"याले चारा नाही लागत?"

"नाही मामा. मरळ येईल का हिच्यावर?"

"येईन ना, थे तं वरच्या बेडकावर झडप घालते." मग माशी माझ्या खिशात परत ठेवत म्हणाला, "पन आता नोको. पानी पडलं का तिच्या संगं पिल्लं रायते, राखत बसते थे. दिवाळी झाल्यावर ये."

दिवाळीनंतरची सुट्टी आत्ताच सांगून ठेवलीय ऑफिसात.