केळशीला निघण्याआधी तिथी बघा

दापोली तालुक्यातल्या केळशीला जायचं ठरलं की सगळ्यात आधी कालनिर्णय उघडा. गाडी कुणाची, कोण येतंय, हे नंतर. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या आसपास. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे गेलात तर सूर्य बुडताना पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या, घट्ट वाळूवर अनवाणी हवं तितकं चालता येतं. अष्टमीला गेलात तर नेमकी तीच वेळ भरतीची.

आम्ही कॉलेजचे मित्र माघी पौर्णिमेला लागून आलेला शनिवार-रविवार साधून गेलो. किनारा संध्याकाळी जवळजवळ आमचाच होता. घोडागाडी नाही, पाण्यावरच्या स्कूटर नाहीत, भेळेच्या गाड्यांची रांग नाही. मागे सुरूचं बन, पुढे समुद्र. कुणाला काही ‘करायला’ हवं असेल तर त्यानं मुरूड-हर्णैला जावं. केळशी ही बसून राहायची, गप्पा मारायची, वाळूत आडवं व्हायची जागा आहे, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

राहायला हॉटेल शोधू नका, घरगुती सोय बघा. आम्ही उतरलो ते घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीचं आगर. काकूंना दोन दिवस आधी फोन करून किती माणसं, किती वाजता पोचणार, कोण काय खात नाही, हे सांगितलं होतं. हे नक्की करा. इथे जेवण माणसं मोजून होतं. दुपारी अडीचला अचानक दहा जणांनी दारात उभं राहायचं नसतं. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशी सांगायचं. पुष्कळ घरांत जेवण शाकाहारीच असतं. मासे खायचे असतील तर राहायची जागा ठरवतानाच विचारा, पोचल्यावर आग्रह धरू नका.

काका आम्हाला आगरात घेऊन गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या बागाच्या बागा झोपल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षं घेते, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. पर्यटकाचे पैसे थेट घरात गेले तर त्याचा उपयोग होतो. म्हणून भावात घासाघीस करू नका आणि निघताना सुपारी, कोकमं, आमसुलं तिथूनच घ्या.

सकाळी खाडीकडे चालत जा. भारजा नदी समुद्राला मिळते त्या बाजूला वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती १५२४ च्या सुमाराच्या सुनामीशी जोडली. टेकडी ठिसूळ आहे, कडेनं चढून वाळू पाडू नका. गावातलं महालक्ष्मीचं घुमटाचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा ही दोन्ही ठिकाणं आरामात बघून होतात. चैत्रात देवीचा उत्सव असतो; तेव्हा गाव माणसांनी भरलेलं असतं, त्यामुळे त्या दिवसांत राहायचं असेल तर फार आधी विचारा.

पोहण्याबद्दल मात्र कडक सांगतो. खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरायचंच नाही. ओहोटी लागली की तिथलं पाणी आत ओढतं, आणि आपल्याला सोयीचे असलेले पौर्णिमा-अमावास्येचे दिवस उधाणाचे, म्हणजे ओढ सगळ्यात जास्त. खाडीपासून दूर, गावकरी दाखवतील तिथे, तेही गुडघाभर पाण्यात. गाडी वाळूवर नेऊ नका. आमच्या समोर एका मोठ्या गाडीची चाकं रुतली आणि भरती चढायच्या आत ती काढायला गावातली पोरं धावली. शिवाय या किनारपट्टीवर कासवं अंडी घालतात, घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत.

पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला किंवा आंजर्ल्याला जोडून जा. अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे अमुक दिवशी दिसतीलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. आधी फोन करून घरटी कधी फुटायची आहेत ते विचारा. फ्लॅश बंद, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असा रस्ता. एसटीनं यायचं तर आधी दापोली किंवा मंडणगड, तिथून केळशीची गाडी. रेल्वेला जवळचं स्टेशन खेड. पेट्रोल दापोली-मंडणगडलाच भरून घ्या. रोख पैसे ठेवा, नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. गावातल्या पाखाड्या, म्हणजे गल्ल्या, अरुंद आहेत, मोठी गाडी देवळाजवळ लावून चालत या. परतताना आडे-पाडलेमार्गे आंजर्ल्याचा किनारी रस्ता धरलात तर दुपारनंतर हर्णैचा मासळी लिलाव गाठता येतो. बर्फाची पेटी सोबत असू द्या.