क्यू शब्दावर नसतो

ठाणे, 5 जानेवारी, रात्री उशिरा

आज संगीतकार सी. रामचंद्रांची पुण्यतिथी. 1982 साली याच तारखेला अण्णा गेले. दिवसभर एका मालिकेच्या पार्श्वसंगीतात बुडाले होते, तरी मधूनमधून तेच आठवत होते. त्यातही गाण्यांपेक्षा त्यांची सुरुवात जास्त.

पुणतांब्यात जन्मलेला हा माणूस विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकला आणि सिनेमात आला तो नट म्हणून. 1935 च्या ‘नागानंद’मध्ये थेट नायक! चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामं, आणि तिथेच संगीत विभागात पेटीची साथ. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

अभिनयात जमलं नाही म्हणून संगीताकडे वळले, असं त्यांच्याबद्दल एका वाक्यात उरकून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. 1951 च्या ‘अलबेला’त भगवानदादांसाठी ते स्वतःच ‘चितळकर’ नावाने गायले. हेडफोन लावून ऐकावं. भुवई कुठे उडाली, पाऊल कुठे थबकलं, सगळं आवाजात आहे. कॅमेऱ्यापुढे जे साधलं नाही ते त्यांनी माइकपुढे उभं केलं. आणि पुढे ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ हे मराठी चित्रपट काढले, त्यांना संगीत दिलं आणि त्यांत कामही केलं. नट कुठे गेला होता त्यांच्यातला?

मला हे इतकं लागतं, कारण मीही त्याच वाटेने आले. एकांकिका, मग व्यावसायिक नाटक, मग घोडबंदर रोडवरच्या सेटवर मालिका. नायिकेची मैत्रीण, धाकटी जाऊ, कधी डॉक्टरीणबाई. काम मनापासून आवडायचं. मानधन हातात पडायला नव्वद दिवस लागायचे, तेही एकवेळ चालून गेलं असतं. पण राम मारुती रोडवर ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न अजूनही तोच, ‘सध्या कुठली सिरियल?’ संगीत करते म्हटलं की चेहरा पडतो आणि आवाजात सहानुभूती येते. त्या सहानुभूतीची मला गरज नाही, हे आज इथे लिहून ठेवते.

वळण लागलं ते गडकरी रंगायतनला. आमचा म्युझिक ऑपरेटर लोकलच्या गोंधळात अडकला, तिसरी घंटा व्हायला आली होती आणि माझी एन्ट्री दुसऱ्या अंकात. निर्माते म्हणाले, ‘तुला नाटक पाठ आहे, तू बस.’ क्यू शीटवर, म्हणजे कुठल्या इशाऱ्यावर कुठलं संगीत सोडायचं त्या कागदावर, लिहिलं होतं, अमुक शब्दावर सारंगी. पण समोर आमच्या ज्येष्ठ अभिनेत्री होत्या आणि त्यांच्यासोबत मी कितीतरी प्रयोग उभी राहिले होते. तो शब्द यायच्या आधी त्यांचे खांदे किंचित वर जातात, श्वास आत घेतला जातो, तो मला माहीत होता. मी फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, तिथे उचलला, शब्दाच्या आधी. सारंगी त्यांच्या श्वासाबरोबर आली आणि शब्द तिच्यावर पडला. मध्यंतरात बाई आत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘आज मला एकटं वाटलं नाही गं.’ त्यानंतर मी हळूहळू त्या खुर्चीतच राहिले.

आजचा सीन तसाच होता. सासरे गेल्यानंतर सून त्यांच्या कपाटाच्या किल्ल्या हातात घेते. दिग्दर्शकाचा निरोप, ‘भरपूर व्हायोलिन दे, रडवायचंय.’ मी आधी उभी राहून तो सीन केला. तिची वाक्यं म्हटली, माझ्याच घराच्या किल्ल्या मुठीत धरल्या. तेव्हा कळलं की ती किल्ल्या उचलताना रडत नाही, त्या खुळखुळू नयेत म्हणून मूठ आवळते. रडू नंतर येतं, दार लावताना. मग मुठीपर्यंत काहीच ठेवलं नाही, खोलीतला पंख्याचा आवाज तेवढा. मूठ आवळल्यावर एकच खालचा पंचम, आणि तोही पाच फ्रेम मागे ढकललेला. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. लिहिताना हास्यास्पद वाटावं इतकं कमी, पण तेवढ्यात संगीत तिला ‘आता रड’ असं सांगणं थांबवतं आणि तिच्या मागून चालायला लागतं. दिग्दर्शकाने पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि व्हायोलिनचं नावही काढलं नाही.

मी घरी जिथे काम करते त्या खोलीच्या भिंतींवर आईच्या गोधड्या टांगल्यात, घुमारा मारायला. तरी मध्यरात्रीनंतर गुजरातकडे जाणारे मालवाहू ट्रेलर सुरू झाले की जमीनच गुरगुरते. 80 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, कापून टाकलं तरी थोडं उरतंच. म्हणून गळा रेकॉर्ड करायचा तो दुपारी, जेवणं उरकून सोसायटी झोपते तेव्हा.

लताबाईंचंही आठवलं. वडील गेल्यावर 1942 पासून घर चालवण्यासाठी त्यांना सिनेमात कामं करावी लागली. मेकअप, दिवे यांचा त्यांना मनापासून कंटाळा, हे त्यांनीच सांगितलेलं. पुढे ‘आनंदघन’ नावाने संगीत दिलं, 1965 च्या ‘साधी माणसं’लासुद्धा. त्यांना अभिनय नको होता, मला हवा होता. पण त्यांच्या चाली गावातल्या बाईच्या तोंडी इतक्या सहज बसतात, तिथे मला त्या सक्तीच्या वर्षांचा काहीतरी हात दिसतो. हे माझं मत, पुरावा मागू नये.

संध्याकाळी एका मुलाचा फोन होता. एकांकिका करतो, घरी बीट्स बनवतो. ‘ताई, अभिनय सोडून पूर्णवेळ म्युझिक प्रोड्यूसर होऊ का?’ आधी व्यवहाराचं सांगितलं. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून घेऊनही निर्मात्याला काढून घेता येत नाही, तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाच आणि आयपीआरएसचा, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद हो. ‘सोडून’ या शब्दावर मात्र अडले. त्याला म्हटलं, शनिवारी घाणेकर नाट्यगृहात आमच्या नव्या नाटकाची रंगीत तालीम आहे, कन्सोलवर, म्हणजे आवाज चालवायच्या टेबलाशी, माझ्या शेजारी येऊन बस. लॅपटॉप आणू नकोस. संहिता पाठवते, ती पाठ करून ये, सगळ्यांच्या वाक्यांसकट.