हवेत थांबलेला माणूस

चित्र गोठवायची खोड आमच्या लग्न-व्हिडिओच्या धंद्यात जुनी. अंतरपाट खाली आला, हार गळ्यात पडला, की फ्रेम थांबवायची आणि भोवतीनं फुलं उडवायची. क्षण कायमचा धरून ठेवला म्हणून गिऱ्हाईक खूश. अमेरिकन व्हिडिओ-कलाकार बिल व्हायोलाचं ‘द रिफ्लेक्टिंग पूल’ हे व्हिडिओतलं काम बघितल्यापासून माझा मात्र या थांबवण्यावरचा भरवसा उडालाय.

१९७७ ते १९७९ मधलं काम, जेमतेम ७ मिनिटांचं. रानातलं चौकोनी तळं. कॅमेरा जागचा हलत नाही. झाडीतून एक माणूस येतो (स्वतः व्हायोलाच), काठावर चांगला वेळ उभा राहतो, ओरडतो आणि उडी मारतो. अंग मुडपून घेतलेला तो हवेतच थांबतो. पाणी थांबत नाही. त्यावर तरंग उठत राहतात, काठावर कुणी नसताना पाण्यात चालत्या माणसांची प्रतिबिंबं दिसतात. तोवर हवेतला माणूस मागच्या पानांत विरत विरत गेलेला असतो. शेवटी तळ्यातून एक नागडा माणूस वर येतो आणि पाठमोरा रानात निघून जातो.

सवयीनं मी आधी सांधे शोधले. एकाच जागेवरून निरनिराळ्या वेळी घेतलेले टेक, पाण्याचा भाग वेगळा, वरचा वेगळा, मग एकत्र बसवलेले. आज मास्क मारून, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग झाकून, हे घरच्या लॅपटॉपवर जमेल. पण जे थांबवलं तेच पुसलं जावं आणि जे हलतंय ते उरावं, हे सुचणं सॉफ्टवेअरच्या हातात नाही. क्षणभंगुरता म्हटली की आपण पानगळ नाहीतर निर्माल्य दाखवून मोकळे होतो! बरं, व्हायोला झेन, म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ, शिकायला जपानला गेला तो १९८० मध्ये, म्हणजे यानंतर. तेव्हा सगळं झेनच्या खात्यावर टाकू नये.

आमच्या रत्नागिरीच्या हवेत जुन्या व्हीएचएस कॅसेटींना बुरशी धरते. झाकण उचलून बघा, रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसेल. ते गोठवलेले हार त्याच रिळावर आहेत.

आमच्या पोरानं हे काम फोनवर बघितलं, मधे दोनदा पुढे ढकललं आणि म्हणाला, “दादा, काहीच होत नाही यात. माणूस होता, मग नव्हता.” गेला कधी, विचारलं तर त्याला सांगता येईना.