धरणाच्या भिंतीचे फोटो: आधी पिक्सेलचा हिशोब

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला आडव्या भेगा गेल्या, त्याही मुख्यतः खालच्या अंगाचा (साठ्याच्या विरुद्ध बाजूचा) उतार जिथे बदलतो त्या पातळीजवळ. अशी जागा फोटोग्रामेट्रीने (म्हणजे अनेक फोटो जुळवून त्रिमितीय मॉडेल बनवून, त्यावर मोजून) तपासायची तर आधी गणित करा. २.४ मायक्रॉनचा पिक्सेल, ८.८ मिमी लेन्स, १० मीटर अंतर: एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचे २.७ मिमी. यात खड्डे, उडालेले कोपरे मोजता येतात, ०.३ मिमीची भेग विसरा.

लागोपाठचे फोटो ८० टक्के एकमेकांवर यायला हवेत, शेजारच्या ओळी ७० टक्के. फोकस लॉक. सगळे फोटो काटकोनात घेतले की सपाट भिंतीचं मॉडेल ताटलीसारखं फुगतं, म्हणून एक फेरी १५-२० अंश तिरकी हवीच. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) मोजलेल्या भिंतीवरच्या खुणांपैकी तीन-चार गणितात न घेता पडताळणीला ठेवा. सॉफ्टवेअर स्वतःलाच शाबासकी देतं!

ओली भिंत चमकते, मॉडेलला भोकं पडतात. चुन्याचे पांढरे ओघळ भेग झाकतात. आतून पोकळ झालेलं काँक्रीट फोटोत धडधाकटच दिसतं, तिथे हातोडी. बद्द आवाज आला की खडूने गोल करा, मगच फोटो.