हवानातील सौम्य सिगार आणि तिसऱ्या मजल्यावरची पेटी

हवानातल्या पहिल्याच सकाळी माझी फसवणूक झाली आणि ती मी स्वतःच्या पायांनी तीन जिने चढून करून घेतली. जुन्या हवानात एका हॉटेलच्या कोपऱ्यावर भेटलेल्या गृहस्थाने, आज सिगार कामगारांच्या सहकारी संस्थेचा दिवस असल्याने कारखान्याचा माल अगदी स्वस्तात मिळतो, असे छातीठोकपणे सांगितले, आणि मी त्याच्यामागोमाग एका घरात जाऊन 'ओयो दे मोंतेर्रेय' या क्युबन छापाच्या एपिक्योर नंबर 2 या 25 सिगारांच्या पेटीचे 80 डॉलर मोजले. असा कोणताही दिवस नसतो. रस्त्यावरून घरात नेऊन दाखवलेला माल खोटाच असतो असे धरून चालावे.

मला याच छापाची पेटी हवी होती, कारण क्युबाच्या हाताने वळलेल्या सिगारांत ओयो हा सौम्य समजला जातो. सौम्यपणा पानांच्या मिश्रणातून येतो. झाडाच्या तळाची 'व्होलादो' पाने सिगार नीट जळता ठेवतात, मधली 'सेको' सुगंध देतात आणि भरपूर ऊन खाल्लेली शेंड्याची 'लिहेरो' पाने जोर देतात. सौम्य सिगारात लिहेरो हात राखून घालावे लागते आणि उरलेली पाने चांगली मुरलेली असावी लागतात. खोटा माल करणाऱ्याला लाल-सोनेरी पट्टी सहज छापता येते. मुरलेले पान मात्र त्याच्याकडे नसते.

पश्चिम क्युबातल्या विन्यालेस या तंबाखूच्या गावातले दोन दिवस सुखाचे गेले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. तिथेच संध्याकाळी पेटी उघडली. दुसऱ्याच झुरक्याला घसा जळाला आणि अमोनियाचा वास आला. ब्लेडने सिगार उभा चिरला, तेव्हा आत लांब पानांऐवजी तंबाखू मळून उरते तशी चुरी आणि काडीएवढे जाड देठ निघाले. शेजारच्या तंबाखू शेतकऱ्याने ते बोटांत धरले, हसला आणि स्वतःचा बिनपट्टीचा सिगार पुढे केला. उत्पादनाचा 90 टक्के भाग सरकारला देऊन उरलेल्यातून हे लोक असे सिगार वळतात. तो माझ्या पेटीपेक्षा कितीतरी सरस होता. पण त्याला ओयो म्हणून कोणी विकू लागले, तर तिथून उठावे.

पेटी विकत घेण्याआधी ती उलटी करावी, जे मी केले नाही. खऱ्या पेटीच्या तळावर 'एचो एन कुबा' (क्युबात बनवलेले) आणि 'तोताल्मेंते आ मानो' (पूर्णपणे हाताने) ही अक्षरे तापलेल्या लोखंडाने डागलेली असतात व बोटाला खोलगट लागतात. माझ्या पेटीवर ती काळ्या शाईने उठवलेली होती. शाईचा शिक्का फक्त कारखान्याच्या संकेताचा आणि तारखेचा असतो, त्यातही महिना स्पॅनिश संक्षेपात, म्हणजे जानेवारीसाठी 'एने'. हिरव्या-पांढऱ्या हमीपट्टीवर 2010 पासून होलोग्राम आणि बारकोड असतो. काचेच्या झाकणाची पेटी दिसली, तर ती खोटीच, एवढेही तपासत बसू नये.

सान हुआन इ मार्तिनेस या गावी, ज्या शेतावरून ओयोचे नाव पडले त्याचे मूळ फाटक बघायला जावे का? माझे उत्तर नाही असे आहे. पिनार देल रिओच्या पुढे खड्ड्यांनी माझी कंबर धरली, त्यामुळे हे मत कदाचित रागाचे असेल. लोखंडी फाटकावर 'ओयो दे मोंतेर्रेय, होसे हेनेर, 1860' असे लिहिले आहे. हेनेर हा ओयोचा संस्थापक; सिगारचा छाप मात्र 1865 चा. आम्हाला आत जाता आले नाही, आणि पाच मिनिटांच्या फोटोसाठी सबंध दिवस गेला.

परत हवानात आल्यावर अधिकृत दुकानातून तीनच एपिक्योर सुटे घेतले. किंमत ऐकून हात आखडला, पण ओढल्यावर सौम्य म्हणजे काय ते कळले: तोंडात धूर मलईसारखा राहतो आणि घसा तक्रार करत नाही. तेथील पावती जपून ठेवावी. क्युबातून निघताना 20 सुटे सिगार कागदपत्रांविना नेता येतात, मूळ सीलबंद पेट्यांत 50 पर्यंत, त्यापुढे पावती लागते. भारतात जकातीविना 25 च आणता येतात, तेव्हा दोन पेट्यांचा मोह टाळावा.

माझी 80 डॉलरची पेटी विन्यालेसलाच राहिली आहे. लाकूड चांगले होते, म्हणून आमच्या घरमालकीणबाईंनी ती शिवणाच्या सामानासाठी ठेवून घेतली.