पहिली रांग

२०२५ मध्ये ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती आणि चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याचा पंधरावा दिवसही. एरवी त्यांचा हा महिना आपल्या श्रावणात येतो. त्या वर्षी त्यांच्याकडे अधिक महिना पडला म्हणून तो सरकून थेट भाद्रपदाला येऊन मिळाला. घरातच बादलीत बाप्पाचं विसर्जन करून आम्ही खिरापत घेऊन खाली उतरलो, तर सिंगापुरातल्या तोआ पायोहमधल्या आमच्या इमारतीशेजारच्या मैदानात गेताय, म्हणजे या महिन्यातला उघड्यावरचा गाण्यांचा कार्यक्रम, रंगात आलं होतं. झगमगतं स्टेज, टिकल्यांच्या झग्यातली गायिका, समोर लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मागे माणसं दाटीवाटीने उभी आणि पहिली रांग अख्खी रिकामी. माझा सहा वर्षांचा लेक धावत जाऊन तिथे मधोमध बसला.

कुणी ओरडलं नाही. बनियनमधले एक अंकल उठले, त्याला अलगद उचलून दुसऱ्या रांगेत आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "ती जागा त्यांची आहे, बॉय," एवढंच म्हणाले.

'ते' म्हणजे गेलेले. या महिन्यात नरकाची दारं उघडतात आणि मृतात्मे पृथ्वीवर येतात अशी श्रद्धा. गाणी त्यांच्यासाठी, आपण मागे बसून ऐकायची. ज्यांच्यामागे पाणी द्यायलाही कुणी उरलं नाही, त्यांनाही आमंत्रण असतं. त्यांना भूत म्हणत नाहीत, 'चांगले भाऊ' म्हणतात. रस्त्याकडेला मेणबत्त्या, उदबत्त्या, संत्री, भात मांडलेला दिसतो. पहिल्या वर्षी मला तो उतारा वाटला होता आणि मी लांबून वळसा घालून जायचे. ते पान आहे हे कळायला वेळ लागला. आपल्या तर्पणातही ज्याला आई नाही, बाप नाही, कुणी आप्त नाही त्याच्यासाठी पाणी सोडतातच की. पण त्यांच्यासाठी खुर्च्यांची पहिली रांग राखून ठेवणं मी आपल्याकडे पाहिलेलं नाही.

गाणी बरीचशी होक्कियन या चिनी बोलीतली. १९७९ मध्ये सिंगापूर सरकारने 'मँडरिन बोला' मोहीम काढली आणि घरोघरच्या बोली रेडिओ-टीव्हीवरून जवळपास हद्दपार झाल्या. गेतायमध्ये त्या टिकल्या. दुसऱ्या रांगेतल्या आज्या गायिकेबरोबर ओठ हलवत होत्या. आमच्या मालवणीला असं कुणी गप्प केलं नाही, आजी शेवटपर्यंत तिच्याच बोलीत बोलली, भांडली. याचा मला अभिमान आहे.

राखेचा मात्र मला खरोखर त्रास होतो. कागदी नोटा, कागदी घरं, कागदी मोबाइल जाळतात. त्यासाठी इमारतींखाली लोखंडी पिंपं ठेवलेली असतात, तरी काळे कपटे उडत बाराव्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर येतात. आणि इथेच माझं मन अडतं. इथे पक्ष्यांना खाऊ घालणं कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो. कारण पटतं: एकदा सवय लागली की पक्षी-माकडं माणसावर विसंबतात, अंगावर येतात. पण खाली महिनाभर जाळ चालतो आणि मला बाबांच्या नावाने कावळ्यासाठी एक घास बाहेर ठेवता येत नाही. कावळे इथेही आहेत. सकाळी समोरच्या झाडावर ओरडतात, अगदी कुडाळच्या परसात ओरडावेत तसे.

बाबांची तिथी दशमीची. १६ सप्टेंबरला, मंगळवारी, दादाने कुडाळला म्हाळ घातला, मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती. पण लेकाची शाळा होती, तिकिटं महाग होती, आणि म्हाळ घालायला दादा आहे. काकूही तेच म्हणाली.

तरी सर्वपित्री अमावास्येला, रविवारी, मला राहवलं नाही. टेक्का मार्केटमधून केळीचं पान आणलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर केली. पान वाढलं आणि ते घेऊन स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. त्यांच्याही महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. खाली आमच्या मजल्यावरच्या आंटी घडीच्या टेबलावर पूजा मांडून बसल्या होत्या. मी पान घेऊनच उतरले. "फादर?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी संत्री बाजूला सारून जागा केली, माझ्या हातात तीन उदबत्त्या दिल्या आणि वड्याकडे बोट करून नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, मग हात जोडून होक्कियनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यातला 'वडे' एवढाच शब्द मला कळला.